मुद्दाम, पण कोणत्या अर्थाने? जपानी 'वाजातो'ची कुळकथा

जपानमधल्या कोणत्याही शाळेच्या मैदानावर एका मुलाचा धक्का दुसऱ्याला लागला आणि तो पडला, तर धक्का देणाऱ्याच्या तोंडून पहिले वाक्य बहुधा हेच येते: 'वाजातो ज्या नाइ'. याचा अर्थ 'मी मुद्दाम केले नाही'. शब्दकोशात पाहिले तर 'वाजातो' या क्रियाविशेषणापुढे 'मुद्दाम', 'हेतुपुरस्सर', 'जाणूनबुजून' असे अर्थ मिळतात आणि ते चुकीचे नाहीत. तरीही जपानी शिकणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द हमखास फसवतो, कारण आपल्या 'मुद्दाम'च्या पोटात दोन निरनिराळे अर्थ सुखाने नांदतात. 'तू मुद्दाम पाणी सांडलेस' यातला 'मुद्दाम' आरोपाचा आहे, तर 'तुमच्यासाठी मुद्दाम गरम पोळ्या करून ठेवल्या आहेत' यातला मायेचा. जपानीत या दोन्हींची घरे वेगळी आहेत. पाहुण्याचे आभार मानताना 'तुम्ही मुद्दाम आलात' हे वाक्य मनातल्या मनात शब्दशः उलटवून कोणी 'वाजातो' वापरले, तर त्या पाहुण्याला असे वाटेल की आपल्या येण्यामागे काहीतरी डाव आहे, असे यजमान सुचवत आहे.

आधी उच्चाराविषयी थोडेसे. 'वाजातो'मधला 'ज' हा 'बाजार'मधला 'ज' आहे, 'जन्म'मधला नव्हे. मराठीत हे दोन्ही उच्चार एकाच अक्षराने लिहिले जात असले, तरी कानाला त्यांतला फरक लहानपणापासून कळतो, त्यामुळे हा शब्द आपल्या जिभेवर सहज बसतो. अक्षरांना काना दिला असला, तरी ते स्वर फार लांबवायचे नाहीत. मराठीतले काही जण तो 'वाझातो' असाही लिहितात. उच्चार नीट केला की लेखनावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता हा शब्द कोणत्या क्रियांबरोबर येतो ते पाहू, कारण त्याचा स्वभाव व्याख्येपेक्षा वापरातच अधिक स्पष्ट दिसतो. 'वाजातो माकेरु' म्हणजे मुद्दाम हरणे. लहान मुलाशी पत्ते खेळताना आजोबा करतात ते. 'वाजातो कोरोबु' म्हणजे मुद्दाम पडणे. 'कोरोबु' हे क्रियापद एरवी अपघाताचे आहे, माणूस पाय घसरून पडतो, ठरवून पडत नाही. पण 'वाजातो' पुढे लागताच त्या पडण्याचा कर्ता जागा होतो आणि फुटबॉलच्या मैदानावर पंचाला फसवण्यासाठी लोळण घेणारा खेळाडू डोळ्यांसमोर येतो. उलट 'वाजातो बेन्क्यो सुरु', म्हणजे 'मुद्दाम अभ्यास करतो', हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही कानाला विचित्र लागते. अभ्यास ठरवूनच केला जातो, मग 'ठरवून' हे वेगळे सांगायचे कारण काय? यावरून लक्षात येते की 'वाजातो' नुसता हेतू सांगत नाही. जी गोष्ट सहसा चुकून घडते, किंवा जी शहाणा माणूस टाळतो, ती गोष्ट या वेळी कोणीतरी समजून-उमजून घडवली आहे, एवढे सगळे तो एका दमात सांगतो. म्हणून तो पराभव, उशीर, चूक, सांडणे, न ऐकल्यासारखे करणे अशा क्रियांच्या शेजारी अधिक आढळतो. पाऊस 'वाजातो' पडू शकत नाही, आणि पडला असे कोणी म्हटलेच, तर तो पावसाला माणूस समजून त्याच्यावर रुसला आहे असे समजावे.

मायेच्या 'मुद्दाम'साठी याच घराण्यातला दुसरा शब्द आहे: 'वाजावाजा'. आपल्याकडे 'हळूहळू', 'पुन्हापुन्हा' हे शब्द जसे द्विरुक्तीने बनतात, तसाच 'वाजा' हा शब्द दोनदा उच्चारून हा बनला आहे, आणि त्या दुहेरीपणात घेतलेल्या कष्टांचे वजन ऐकू येते. पावसात भिजत कोणी दारात आले, तर जपानी यजमान 'वाजावाजा आरिगातो गोजाइमासु' म्हणतो. मराठीत आपण अशा वेळी 'मुद्दाम वाट वाकडी करून आलात' असे म्हणतो, आणि 'वाजावाजा'चा याहून नेमका अनुवाद मला तरी सापडलेला नाही. या शब्दालाही दुसरी बाजू आहे. 'वाजावाजा इवानाकुते मो इइ' म्हणजे 'हे मुद्दाम बोलून दाखवायची काही गरज नाही'. इथे कष्ट घेतले गेले ते नको तिथे, एवढीच तक्रार आहे, कपटाचा आरोप नाही.

दोन्ही शब्द एकाच क्रियेला लावून पाहिले की भेद लख्ख होतो. 'तोमावारी' म्हणजे लांबचा वळसा. टॅक्सीवाल्याने 'वाजातो' वळसा घातला, असे म्हटले की मीटर वाढवण्यासाठी त्याने लांबून नेले, हे सांगावे लागत नाही. मित्राने 'वाजावाजा' वळसा घातला, असे म्हटले की त्याचा स्वतःचा रस्ता वेगळा असूनही त्याने आपल्याला घरापर्यंत सोडले, हे समजते. रस्ता तोच, वळण तेच. बदलला तो फक्त वळसा घालणाऱ्याच्या मनाचा रोख. मराठीत 'रिक्षावाल्याने मुद्दाम लांबून नेले' आणि 'तो मुद्दाम लांबून आला' या दोन वाक्यांत शब्द एकच राहतो आणि अर्थ ओळखायचे काम प्रसंगावर सोपवले जाते.

शेजारचे आणखी काही शब्द इथेच पाहून घेऊ. कायद्याच्या भाषेत 'वाजातो'ला जागा नाही. तिथे 'कोइ' हा चिनी धाटणीचा शब्द येतो. जपानच्या दिवाणी संहितेच्या 709व्या कलमानुसार, जो कोणी 'कोइ'ने किंवा निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या हक्काचा भंग करतो, त्याला त्यातून झालेले नुकसान भरून द्यावे लागते. आपल्या 'हेतुपुरस्सर'सारखा हा थंड डोक्याचा शब्द आहे, त्यात राग किंवा रुसवा नाही. 'आएते' हा शब्द सहन करणे, तगून राहणे अशा अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून आला आहे, आणि परिणाम माहीत असूनही एखादी गोष्ट निर्धाराने केली जाते तेव्हा तो वापरतात. सर्वांच्या विरोधात जाऊन आपले मत मांडणारा माणूस ते 'आएते' मांडतो. 'सेक्काकु'ची कथा तर सांगण्यासारखी आहे. तो लिहिला जातो ती दोन अक्षरे 'मोडणे' आणि 'शिंग' अशी आहेत. हान राजवटीच्या काळात चीनच्या दरबारात एका गर्विष्ठ पंडिताला जू युन नावाच्या विद्वानाने वादात हरवले, तेव्हा लोक म्हणाले की त्याने त्याचे शिंगच मोडले. या पंडिताच्या आडनावात 'हरीण' हे अक्षर होते, म्हणून शिंगाचा श्लेष. मोठ्या कष्टाने साधलेली गोष्ट असा अर्थ तिथून निघाल्याचे सांगतात. आज एवढा खटाटोप करून भेटायला जावे आणि दाराला कुलूप असावे, अशा वेळी जपानी माणूस 'सेक्काकु आलो होतो...' असे म्हणून उसासा टाकतो.

'वाजातो'ची कुळकथा मात्र चीनकडून आलेली नाही. तो अस्सल जपानी शब्द आहे आणि त्याचे दोन तुकडे सरळ दिसतात: 'वाजा' हे नाम आणि 'तो' हा प्रत्यय. 'तो' हा जपानी व्याकरणातला फार कामाचा प्रत्यय आहे. दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण जिथे 'असे' किंवा 'म्हणून' वापरतो तिथे तो येतो, आणि नामांना किंवा ध्वनिवाचक शब्दांना लागून त्यांची क्रियाविशेषणेही करतो. 'शिझेन' म्हणजे निसर्ग, आणि 'शिझेन तो' म्हणजे आपसूक. तेव्हा 'वाजातो'चा शब्दशः अर्थ 'वाजा म्हणून' असा होतो. सगळे रहस्य 'वाजा'त आहे.

'वाजा' म्हणजे कृती, हे खरे. पण प्रत्येक कृती 'वाजा' नव्हे. या शब्दाला मराठीत सर्वांत जवळचा शब्द शोधला तर तो 'कृती' नसून 'करणी' आहे. आपण 'देवाची करणी नि नारळात पाणी' म्हणतो तेव्हा करणीचा कर्ता दिसत नाही, पण त्याचा हात जाणवतो. तीच 'करणी' दुसऱ्या तोंडी आली की 'कोणीतरी करणी केली' असा भयाचा अर्थ घेते. 'वाजा'च्या दोन्ही बाजू हुबेहूब अशाच आहेत. 'कामि' म्हणजे देव, आणि 'कामिवाजा' म्हणजे माणसाच्या शक्तीपलीकडचे कौशल्य, शब्दशः देवाची करणी. 'वाजावाइ' म्हणजे संकट, आपत्ती. त्यातही हाच 'वाजा' आहे, आणि अदृश्य शक्तीची करणी पसरत येणे असा त्याचा मूळ आशय अभ्यासक लावतात. 'शिवाजा' हा शब्द आज बहुधा वाईट कृत्यांसाठीच वापरला जातो. अंगणातली कुंडी फुटलेली दिसली की जपानी गृहिणी 'हा कोणाचा शिवाजा?' असे विचारते, अगदी जसे आपण 'हे कोणाचे उद्योग?' असे विचारतो. आणखी एक शब्द 'कोतोवाजा'. 'कोतो' म्हणजे शब्द, तेव्हा 'कोतोवाजा' ही शब्दांची करणी झाली, आणि त्याचा अर्थ आहे म्हण. म्हणीत वर दिसणारे वाक्य साधे असते आणि खरा अर्थ त्याच्या पाठीमागे असतो.

पाठीमागे काहीतरी असणे, हाच 'वाजा'चा गाभा आहे असे मला वाटते. याचा सर्वांत बोलका पुरावा 720 साली पूर्ण झालेल्या 'निहोन शोकि' या जपानच्या जुन्या राजेतिहासात मिळतो. त्यात 'वाजाउता' नावाची गाणी नोंदली आहेत. 'उता' म्हणजे गाणे. ज्या अक्षरांनी हा शब्द लिहिला आहे ती आज 'दोयो', म्हणजे बालगीत, अशी वाचली जातात. वरवर पाहता ती निरुपद्रवी लोकगीते, पण पुढे काही राजकीय उत्पात घडला की लोकांना उमगे की गाण्यात तो आधीच सांगितला होता. 643 सालचे असे एक गाणे तिथे आहे. खडकावर एक लहान माकड तांदूळ भाजते आहे, निदान तांदूळ तरी खाऊन पुढे जा, रानबोकडासारख्या म्हाताऱ्या, असा त्याचा आशय. पुढच्याच महिन्यात सोगा नो इरुका या सत्ताधारी सरदाराने शोतोकु राजपुत्राचा मुलगा यामाशिरो नो ओए याच्यावर सैन्य पाठवले आणि त्याचा इकारुगाचा वाडा जळाला. मग गाण्याची फोड झाली: खडक म्हणजे राजपुत्राचे घराणे, लहान माकड म्हणजे इरुका, तांदूळ भाजणे म्हणजे वाडा जाळणे, आणि रानबोकडासारखा म्हातारा म्हणजे पिकल्या, विस्कटल्या केसांचा यामाशिरो. शब्द पोरखेळाचे आणि आतला रोख प्राणघातक, अशा गाण्याला 'वाजाउता' म्हटले गेले, यावरून त्या काळी 'वाजा' या शब्दात काय ऐकू येत असे, याचा चांगला अंदाज बांधता येतो.

त्याच ग्रंथात 'वाजाओगि' हा शब्दही येतो. सूर्यदेवी आमातेरासु रुसून गुहेत बसली तेव्हा आमे नो उजुमे या देवीने गुहेच्या तोंडाशी जे नाचून-खेळून दाखवले, त्याला हे नाव आहे. 'वाजा'ने देवतेला बोलावून घेणे असा त्याचा अर्थ लावतात. हा शब्द ज्या दोन अक्षरांनी लिहिला आहे, तीच आज 'हाइयू' अशी वाचली जातात आणि त्यांचा अर्थ नट असा आहे. कृतीमागच्या दडलेल्या शक्तीतून पुढे सराव आणि कसब यांचा अर्थ पुढे आला, आणि हा अर्थ तर आपल्याकडच्या खेळाडूंच्याही ओळखीचा आहे. 1882 साली कानो जिगोरो यांनी कोदोकान ही शाळा स्थापन करून जी ज्यूदो विद्या शिकवायला सुरुवात केली, तिच्यात प्रतिस्पर्ध्याला फेकण्याच्या डावांना 'नागेवाजा' म्हणतात, आणि डाव साधला पण पूर्ण गुण देण्याइतका नाही, तेव्हा पंच 'वाजाआरि' असे जाहीर करतात, म्हणजे 'वाजा आहे'.

चित्रलिपीत पाहिले तर हा एकच शब्द तीन अक्षरांत विखुरला आहे. कसब या अर्थाने तो एका अक्षराने लिहितात आणि कृत्य या अर्थाने दुसऱ्याने. हे दुसरे अक्षर आपल्याला विशेष जवळचे वाटावे असे आहे, कारण बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरात संस्कृत 'कर्म' या शब्दासाठी हेच अक्षर वापरले गेले. त्या अर्थी जपानीत ते 'गो' असे वाचतात, आणि 'ग्यो' असे वाचले की त्याचा अर्थ उद्योगधंदा होतो. म्हणून 'वाजा' हा शब्द 'कर्म'वरून आला, असे मात्र समजू नये. शब्द जपानी भाषेचा स्वतःचा आहे, अंगावर चढवलेला कपडा तेवढा बाहेरून आला. 'वाजातो' आणि 'वाजावाजा' यांच्यासाठी तर तिसरेच अक्षर आहे, ज्यात 'सामर्थ्य' या अर्थाच्या अक्षराखाली 'मन' हे अक्षर बसवले आहे आणि ज्याचा चिनी वळणाचा उच्चार 'ताइ' असा होऊन स्थिती, पवित्रा, वागण्याची ढब असा अर्थ निघतो. आज बहुतेक लोक हे दोन्ही शब्द साध्या हिरागाना लिपीतच लिहितात.

'करणी म्हणून' हा अर्थ 'मुद्दाम'पर्यंत आणि तिथून आरोपापर्यंत कसा पोहोचला, हे पाहण्यासाठी हजार वर्षे मागे जावे लागते. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबु हिने लिहिलेल्या 'गेंजी मोनोगातारी' या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात तिचा नायक बाल गेंजी याचे कौतुक करताना म्हटले आहे की त्याच्या 'वाजातो नो' विद्याभ्यासाविषयी तर बोलायलाच नको, पण तंतुवाद्य आणि बासरी यांतही त्याने दरबार दणाणून सोडला. इथे 'वाजातो नो' म्हणजे रीतसर, विधिवत, खास लक्ष घालून केलेला. आरोपाचा मागमूसही नाही. त्या काळी एखादी गोष्ट 'वाजातो' करणे म्हणजे ती सहज हाताला आली म्हणून न करता, एक ठरलेली करणी म्हणून, नीट करणे. गंमत अशी की त्याच काळापासून या शब्दाच्या नकाराला एक गोडी चढत गेली. 'वाजातो नारानु', म्हणजे मुद्दाम न केलेले, हे दरबारी अभिरुचीत कौतुकाचे शब्द झाले, आणि मग 'वाजातो' केलेले ते साहजिकच थोडे खालच्या पायरीवर आले.

ही पायरी सर्वांत स्पष्ट दिसते ती केन्को या चौदाव्या शतकातल्या संन्यासी लेखकाच्या 'त्सुरेजुरेगुसा'मध्ये. त्याच्या दहाव्या टिपणात तो घराविषयी लिहितो. घर नव्या चालीचे किंवा झगझगीत नसावे, झाडे जुनी असावीत, आणि 'वाजातो नारानु निवा नो कुसा', म्हणजे अंगणातले कोणी मुद्दाम न लावलेले गवत, तेही मन असल्यासारखे दिसावे. लगेच पुढे तो दुसरे घर दाखवतो: अनेक कारागिरांनी घासूनपुसून चकचकीत केलेले, देशी-विदेशी दुर्मिळ वस्तू मांडलेले, अंगणातल्या रोपांनाही त्यांच्या मनाप्रमाणे वाढू न दिलेले, हे पाहून डोळ्यांना त्रास होतो, असे तो म्हणतो. एकाच अंगणातले गवत आणि छाटलेली रोपे यांच्यामधल्या अंतरात 'वाजातो'चा आजचा तिरकस सूर जन्माला येताना दिसतो. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केले आहे. तिथे फिरताना केन्कोची ही वाक्ये आठवली, तर वळणावळणाच्या ओढ्याकाठचे दगड अधिक निरखून पाहिले जातात, कारण त्यांतला प्रत्येक दगड माणसाने ठरवून ठेवलेला आहे आणि तसे वाटू नये यासाठीही तितकेच कष्ट घेतले आहेत.

आजच्या बोलीत हा सूर 'वाजातोराशी' या विशेषणात पक्का बसला आहे. जे हसू ओठांवर आहे पण डोळ्यांत नाही, जो नट रडताना प्रेक्षकांकडे लक्ष ठेवून रडतो, जी स्तुती ऐकताच काम सांगितले जाणार हे कळते, ते सगळे 'वाजातोराशी'. शब्दशः पाहिले तर 'वाजातो असल्यासारखे दिसणारे' एवढाच त्याचा अर्थ, पण तेवढे दिसणे हाच दोष ठरतो. मराठीत आपण 'ओढूनताणून आणलेले' किंवा 'बेगडी' म्हणू.

सोळाव्या शतकातला चहाविधीचा महान आचार्य सेन नो रिक्यू याच्याविषयी एक आख्यायिका जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याचा मुलगा चहाच्या खोलीकडे जाणारी बागेतली वाट झाडत होता. पायऱ्या धुतल्या, दगडी दिव्यांवर आणि झाडांवर पाणी शिंपडले, शेवाळ हिरवेगार चमकू लागले, जमिनीवर काडी किंवा पानही उरले नाही. तरी रिक्यू म्हणाला, वाट अशी झाडत नाहीत. मग तो स्वतः बागेत उतरला, त्याने एका झाडाचे खोड धरून हलवले आणि सोनेरी-तांबड्या पानांचा सडा त्या स्वच्छ वाटेवर पडू दिला. झाड हलवणाऱ्या त्या हाताविषयी बोलायचे झाले तर जपानी माणसाला 'वाजातो' म्हणावे लागेल, आणि थोड्या वेळाने त्या वाटेने आलेला पाहुणा खाली पडलेली पाने पाहून 'वाजातो नारानु' म्हणेल.